बोल्ट आवळताना नेमके काय घडते? घरी मोटारसायकल दुरुस्त करणाऱ्यांसाठी

मोटारसायकलचे ऑइल बदलणे, चेन ताणणे, ब्रेकचे पॅड बदलणे ही कामे आता बरीच मंडळी घराच्या अंगणात किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतः करतात. या प्रत्येक कामात बोल्ट उघडणे हा सोपा भाग असतो. तो परत बसवताना किती आवळायचा, हा प्रश्न मात्र अवघड असतो आणि त्याचे उत्तर बहुतेक जण ‘घट्ट लागेपर्यंत, आणि वर आणखी थोडे’ असे स्वतःच्या मनगटावर सोपवून मोकळे होतात. नुकसान बहुतेक वेळा या ‘आणखी थोडे’मुळेच होते.

काही वर्षांपूर्वी माझ्या गाडीच्या क्लच कव्हरच्या कडेला तेलाचा ओलसरपणा दिसू लागला होता. बोल्ट सैल झाले असावेत असे समजून मी ते एकामागून एक थोडे थोडे पिळत गेलो. पाचव्या बोल्टला पाना एकदम हलका झाला, बोल्ट जागीच फिरू लागला आणि बाहेर काढला तेव्हा त्याच्या आट्यांमध्ये चंदेरी अ‍ॅल्युमिनियमची वळलेली तार अडकलेली होती. इंजिनच्या केसमधले आटे गेले होते. मूळ दोष बोल्टचा नव्हताच, आतले पॅकिंग जुने होऊन कडक झाले होते. शंभर रुपयांच्या आतले पॅकिंग बदलण्याऐवजी मला केस लेथवाल्याकडे न्यावी लागली. आवळल्यावर बोल्टच्या आत नेमके काय होते, हे मला तेव्हा माहीत असते तर मी पाना उचललाच नसता.

बोल्ट ही खरे तर एक अतिशय कडक स्प्रिंग आहे. डोके खालच्या भागावर टेकल्यानंतर आपण पाना पुढे फिरवतो, तेव्हा आट्यांच्या उतारामुळे बोल्टचा दांडा लांब खेचला जातो. ताणलेले रबर जसे परत आखडू पाहते तसा हा ताणलेला दांडाही आखडू पाहतो आणि त्या आखडण्याच्या जोराने दोन भाग एकमेकांवर दाबून धरले जातात. ब्रेकचा कॅलिपर फोर्कवर किंवा हेड सिलिंडरवर घट्ट बसतो तो या दाबामुळे. 8 मिलिमीटर व्यासाचा, 8.8 ग्रेडचा (ग्रेड म्हणजे ताकदीची श्रेणी) पोलादी बोल्ट कोरड्या आट्यांवर साधारण 25 न्यूटन-मीटर (फिरवण्याच्या जोराचे एकक) इतका आवळला, तर तो सुमारे 1600 किलो वजनाइतक्या जोराने दोन भाग दाबून धरतो. एवढ्या जोराला 40 मिलिमीटर लांबीचा दांडा किती लांबतो याचा हिशेब केला तर उत्तर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आठ-नऊ पट, म्हणजे डोक्याच्या एका केसाच्या जाडीएवढे येते. आपले सगळे काम त्या केसभर लांबीचे असते. ती लांबी कमी पडली तर जोड सैल राहतो, आणि फार वाढली तर पोलाद आपली लवचीकता सोडून कायमचे लांबते किंवा त्याच्या आधीच समोरचे मऊ आटे उपटून निघतात.

अडचण अशी की हा ताण आपल्याला थेट मोजता येत नाही. पाना मोजतो तो फक्त फिरवण्याचा जोर, म्हणजे टॉर्क. या जोराचा मोठा वाटा घर्षणात खर्च होतो. ढोबळमानाने शंभरातले पन्नास भाग बोल्टच्या डोक्याखालच्या घासण्यात जातात, चाळीस भाग आट्यांच्या घासण्यात जातात आणि उरलेले जेमतेम दहा भाग बोल्टला ताणण्याच्या खऱ्या कामी येतात. म्हणून घर्षणात झालेला लहानसा बदलही ताणात मोठा फरक घडवतो. गंजलेल्या, मातीने भरलेल्या आट्यांवर पुस्तकातला आकडा गाठला, तरी बोल्ट प्रत्यक्षात निम्माही ताणलेला नसू शकतो. उलट, जे आटे कोरडे ठेवायचे होते त्यांना तेल किंवा ग्रीस लावून तोच आकडा गाठला, तर ताण सहज एक तृतीयांशाने वाढतो. मॅन्युअलमध्ये दिलेला आकडा स्वच्छ आणि कोरड्या आट्यांसाठी असतो असे धरून चालावे. जिथे तेल लावायचे असते, उदाहरणार्थ बऱ्याच इंजिनांच्या हेडच्या नटांना, तिथे तशी सूचना स्पष्ट दिलेली असते आणि आकडाही त्याच हिशेबाने ठरवलेला असतो.

त्यामुळे आवळण्याच्या कामातला पहिला भाग पाना हातात घेण्याआधीच पूर्ण करावा लागतो. बोल्टचे आटे तारेच्या ब्रशने साफ करावेत, भोकातले आटे थोड्या पेट्रोलने किंवा ब्रेक क्लीनरने धुऊन हवा मारून कोरडे करावेत आणि डोके जिथे टेकते ती जागाही पुसून घ्यावी, कारण निम्मे घर्षण तिथेच असते. खालून बंद असलेल्या भोकात तेल किंवा पाणी साचलेले राहू देऊ नये. द्रव दाबला जात नाही, त्यामुळे खाली उतरणारा बोल्ट पिस्टनसारखे काम करतो आणि अ‍ॅल्युमिनियमच्या केसला तडा जाऊ शकतो. त्यानंतर बोल्ट हातानेच लावावा. आधी त्याला हलकेच उलटे फिरवावे. एका जागी ‘टक’ असा बारीक आवाज होऊन तो आट्यात बसल्याचे बोटांना कळते, आणि तिथून तो सरळ फिरवायला घ्यावा. तीन-चार वळसे बोटांनी सहज बसले नाहीत तर तो तिरका जात आहे असे समजून बाहेर काढावा. तिरक्या बोल्टवर पाना लावला की तो स्वतःचे नवे, चुकीचे आटे पाडत आत जातो.

सैल बोल्ट कंपनांनी निसटतो हे सगळ्यांना ठाऊक असते. त्याचे कारण मात्र फारसे सांगितले जात नाही. जर्मन अभियंता गेरहार्ड युंकर यांनी 1969 मध्ये प्रयोगाने दाखवले की बोल्ट सैल होण्याचे मुख्य कारण म्हणजे जोडलेल्या भागांचे आडवे सरकणे. दोन भाग बोल्टच्या आडव्या दिशेने अगदी किंचित सरकू लागले की आट्यांमधले घर्षण त्या क्षणापुरते नाहीसे होते आणि ताणलेला बोल्ट स्वतःच उलगडू लागतो. भाग सरकू न देण्याइतका दाब असेल तर बोल्ट उलगडतच नाही. म्हणून योग्य ताण हीच सैल होण्याविरुद्धची खरी उपाययोजना आहे आणि साधे स्प्रिंग वॉशर, ज्यांना गॅरेजमध्ये वायसर म्हणतात, आपण समजतो तितके उपयोगी नसतात.

याहून अनपेक्षित गोष्ट म्हणजे पुष्कळ बोल्ट जास्त आवळल्यामुळे नव्हे, तर कमी आवळल्यामुळे तुटतात. पुरेसा ताणलेला बोल्ट दोन भागांना इतके दाबून धरतो की रस्त्यावरचे धक्के बव्हंशी त्या भागांमधल्या दाबात सामावले जातात आणि बोल्टपर्यंत त्यांचा लहानसा अंशच पोहोचतो. सैल बोल्टवर मात्र प्रत्येक धक्का पूर्ण येतो आणि लाखो वेळा असे ओढले-सोडले गेल्यावर तो थकून एके दिवशी अचानक तुटतो. मागच्या स्प्रॉकेटचे किंवा इंजिन माउंटिंगचे बोल्ट तुटलेले आढळतात तेव्हा ‘बोल्ट हलका होता’ असे म्हणून आपण जास्त जाड बोल्ट शोधायला लागतो. त्याआधी तो किती आवळला होता हे तपासणे अधिक शहाणपणाचे असते.

आता आकड्यांकडे येऊ. नव्याने काम शिकणाऱ्यांचा पहिला गोंधळ पान्याच्या नंबरावरून होतो. दहा नंबरचा पाना म्हणजे बोल्टच्या डोक्याचे माप 10 मिलिमीटर. बोल्टचा व्यास मात्र 6 मिलिमीटर असतो. त्याच व्यासाचा, पण डोक्याखाली चकती असलेला फ्लँज बोल्ट अनेकदा आठ नंबरच्या पान्याने उघडतो. 8 मिलिमीटर व्यासाच्या बोल्टला बारा किंवा तेरा नंबर लागतो, आणि 10 मिलिमीटरच्या बोल्टला गाडीप्रमाणे चौदा किंवा सतरा. टॉर्क ठरतो तो व्यासावरून. मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा दिलेला नसेल अशा साध्या जागी 6 मिलिमीटरच्या बोल्टसाठी 10, 8 मिलिमीटरसाठी 22 आणि 10 मिलिमीटरसाठी 34 न्यूटन-मीटर हे जपानी घडणीच्या गाड्यांचे नेहमीचे आकडे आहेत. व्यास 6 वरून 8 झाला की टॉर्क दुपटीहून जास्त होतो, ही बाब लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण मोठ्या बोल्टचा सरावलेला हात लहान बोल्टवर तोच जोर लावतो. क्लच कव्हर, मॅग्नेट कव्हर आणि टॅपेट कव्हर यांचे 6 मिलिमीटरचे बोल्टच सर्वात जास्त मरतात, त्याचे कारण हेच.

जुन्या पुस्तिकांमध्ये टॉर्क किलोग्रॅम-मीटरमध्ये दिलेला असतो. 1 किलोग्रॅम-मीटर म्हणजे 9.8 न्यूटन-मीटर, म्हणजे व्यवहारात दहाने गुणले तरी चालते. काही ठिकाणी किलोग्रॅम-सेंटिमीटर हे एकक असते, तिथे 100 म्हणजे पुन्हा तेच 10 न्यूटन-मीटर. एकक न वाचता नुसता आकडा उचलणे हे बोल्ट तुटण्याचे नेहमीचे कारण आहे.

टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेला टॉर्क गाठला की ‘कट्’ असा आवाज करणारा पाना, विकत घेण्याआधी हाताला अंदाज देण्याचा एक सोपा मार्ग आहे. प्रवासाची बॅग तोलायचा हुकाचा काटा बहुतेकांच्या घरी असतो. पान्यावर बोल्टच्या मध्यापासून 20 सेंटिमीटरवर खूण करावी, तिथे काटा अडकवावा आणि पान्याशी काटकोन धरून ओढावे. काट्यावर 5 किलो दिसले की बोल्टवर 1 किलोग्रॅम-मीटर, म्हणजे साधारण 10 न्यूटन-मीटर पडलेले असतात. एखाद्या भक्कम लोखंडी पट्टीत जुना 6 मिलिमीटरचा बोल्ट लावून हे दहा-बारा वेळा करून पाहावे. 5 किलो म्हणजे किती कमी ओढ आहे हे पाहून मी स्वतः थक्क झालो होतो. तोवर मी प्रत्येक कव्हर बोल्टला जवळजवळ दुप्पट जोर देत आलो होतो. गॅरेजमधले अनुभवी मिस्त्री कव्हरचे बोल्ट लहान टी-पान्याने आणि केवळ मनगटाने आवळतात, खांदा वापरत नाहीत, त्यामागे हीच जाण असते.

तरीही ब्रेक, चाक आणि इंजिनचे हेड यांच्यासाठी टॉर्क रेंच घ्यावाच, आणि शक्य असल्यास दोन घ्यावेत: एक साधारण 5 ते 25 न्यूटन-मीटरचा आणि दुसरा 20 ते 110 च्या आसपासचा. एकाच मोठ्या रेंचने सगळे भागवण्याचा मोह धोक्याचा आहे, कारण त्याच्या मापाच्या सर्वात खालच्या आकड्यांवर ‘कट्’ असा आवाज इतका मंद होतो की तो हाताला जाणवत नाही, आणि वाट पाहता पाहता लहान बोल्ट तुटून जातो. रेंच मुठीच्या मध्यावर धरून सावकाश, एका संथ ओढीत फिरवावा आणि पहिल्या आवाजाला थांबावे. खात्रीसाठी दुसऱ्यांदा वाजवला की बोल्ट आणखी थोडा ताणला जातो. गोटी (सॉकेट) आणि रेंच यांच्यामध्ये सरळ उभा एक्स्टेन्शन लावल्याने आकडा बदलत नाही, पण पान्याला आडवी लांबी जोडली तर बदलतो. बोल्ट सोडवण्यासाठी हा रेंच वापरू नये, आणि काम झाल्यावर त्याची स्प्रिंग सर्वात खालच्या आकड्यावर आणून ठेवावी. चांगल्या रेंचची चूक 4 टक्क्यांच्या आसपास असते. मात्र घर्षणामुळे बोल्टच्या ताणात 25 ते 30 टक्क्यांपर्यंत फरक पडू शकतो. म्हणून महाग रेंच आणि मळके आटे या जोडीपेक्षा साधा रेंच आणि स्वच्छ आटे ही जोडी मला अधिक भरवशाची वाटते.

एकाच भागाला अनेक बोल्ट असतील तर क्रमाला महत्त्व येते. एका कडेचा बोल्ट पूर्ण आवळला की कव्हर तिथे दबते आणि समोरची कड किंचित उचलली जाते. नंतर ती कितीही आवळली तरी पॅकिंगवरचा दाब सारखा होत नाही. म्हणून सगळे बोल्ट आधी हाताने टेकवावेत, मग समोरासमोरचे, फुलीच्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत आवळावेत. हेडच्या चार नटांसाठी तर हे अनिवार्य आहे, आणि ते काम इंजिन पूर्ण थंड असतानाच करावे. अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे गरम इंजिनात बोल्ट आधीच जास्त ताणलेले असतात आणि तेव्हा गाठलेला आकडा थंड झाल्यावर खोटा ठरतो.

कव्हर काढताना आणखी एक काळजी घ्यावी लागते, ती म्हणजे बोल्टच्या लांबीची. एकाच कव्हरला तीन-चार वेगवेगळ्या लांबीचे बोल्ट असतात. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून, जिथला बोल्ट तिथेच भोक पाडून खोचून ठेवावा. आखूड बोल्ट खोल जागी लावला तर त्याला दोन-चारच आटे मिळतात, आणि अ‍ॅल्युमिनियममध्ये व्यासाच्या किमान दीडपट, म्हणजे 6 मिलिमीटरच्या बोल्टला 9 मिलिमीटर तरी पकड लागते. लांब बोल्ट उथळ जागी लावला तर तो तळाला टेकतो. रेंच वाजतो, आकडा बरोबर येतो, आणि कव्हर मात्र दाबलेलेच नसते.

ऑइलचा ड्रेन बोल्ट हा घरच्या दुरुस्तीतला सर्वाधिक छळलेला बोल्ट आहे. तेल थांबवण्याचे काम त्याच्या डोक्याखालचा मऊ वॉशर चेपला जाऊन करतो, बोल्टचा जोर नव्हे. एकदा चेपलेला वॉशर पुन्हा तितका चेपत नाही, म्हणून गळती होते आणि आपण बोल्ट आणखी पिळतो. दर वेळी नवा वॉशर घातला तर पिळण्याची गरजच उरत नाही. ब्रेकच्या तेलवाहिनीच्या बँजो बोल्टला दोन्ही बाजूंना असणारे तांब्याचे वॉशरही याच कारणाने नवे घालावेत. स्पार्क प्लगचेही तसेच आहे: नवा प्लग बोटांनी पूर्ण टेकवल्यावर साधारण अर्धा वळसा पुरतो, तर आधी वापरलेला प्लग परत लावताना घड्याळाच्या काट्यावरच्या एका तासाइतकी फिरत पुरे होते, कारण त्याचे कडे आधीच चेपलेले असते.

मागच्या चाकाच्या एक्सलला खाचांचा नट आणि कॉटर पिन (नटाच्या खाचेतून एक्सलच्या भोकात घालायची पिन) असेल, तर ठरलेला टॉर्क गाठल्यावर भोक जुळले नाही तर नट पुढच्या खाचेपर्यंत आवळावा. मागे सैल करून पिन घालू नये. जुनी पिनही पुन्हा वापरू नये. हँडलचा कोनसेट (हँडल ज्यावर फिरते तो बेअरिंगचा संच) मात्र या सगळ्या नियमांना अपवाद आहे. तिथला बेअरिंगवरचा नट भाग दाबून धरण्यासाठी नसून गोळ्यांमधली ढिलाई काढण्यासाठी असतो. तो जास्त आवळला तर हँडल जड होते आणि गोळ्यांचे खड्डे कोनांवर कायमचे उमटतात, म्हणून त्याच्यासाठी दिलेली वेगळी पद्धतच पाळावी.

थ्रेडलॉक हे बोल्ट सुटू नये म्हणून आट्यांत लावायचे द्रव्य मॅन्युअल सांगेल तिथेच लावावे, जसे ब्रेक डिस्कच्या बोल्टांना. निळे साध्या पान्याने सुटते. लाल सोडवायला बोल्ट चांगलाच तापवावा लागतो, म्हणून घरच्या कामात लाल टाळलेले बरे. हार्डवेअरच्या दुकानातले चमकदार स्टेनलेस बोल्ट दिसायला सुंदर असतात आणि कोकणच्या खाऱ्या हवेत गंजतही नाहीत, पण नेहमीच्या स्टेनलेसचा बोल्ट 8.8 ग्रेडच्या बोल्टपेक्षा लवकर कायमचा लांबतो. 8.8 मधला पहिला आकडा सांगतो की तुटण्याची ताकद 800 मेगापास्कल आहे आणि दुसरा सांगतो की तिच्या 80 टक्क्यांवर, म्हणजे 640 वर, तो लांबू लागतो. ए2-70 स्टेनलेससाठी हा आकडा 450 आहे. नंबर प्लेट आणि मडगार्डला ते खुशाल लावावेत. कॅलिपरला आणि एक्सलच्या आसपास लावू नयेत.

आवळताना पाना फिरतो आहे पण जोर वाढत नाही, उलट मऊ लागतो आहे, असे जाणवले तर त्याच क्षणी थांबावे. बोल्ट लांबतो आहे किंवा आटे उपटत आहेत, याची ती खूण असते. आटे गेले असतील तर जाड बोल्ट ठोकून बसवण्यापेक्षा किंवा आट्यांवर टेप गुंडाळण्यापेक्षा हेलिकॉइल बसवून घ्यावे. त्यात जुने भोक मोठे करून, नवा टॅप मारून आत पोलादी तारेचे आटे बसवतात, आणि मूळ मापाचाच बोल्ट पुन्हा लागतो. हे आटे मूळच्या अ‍ॅल्युमिनियमपेक्षा टिकाऊ ठरतात. माझ्या क्लच कव्हरचा तो पाचवा बोल्ट आज अशाच आट्यांत बसलेला आहे. पॅकिंग नवे आहे, बोल्टला 10 न्यूटन-मीटर दिलेले आहेत, आणि डोक्यापासून कव्हरपर्यंत पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ ओढलेली आहे. गाडी धुताना ती रेघ सरळ दिसते तोवर मी तिथे पाना लावत नाही.